नैसर्गिक वाईन : घालायचं कमी, पाहायचं जास्त

हेडफोन लावले असतील तर उत्तम. नसतील तर आवाज थोडा कमी करा, कारण आजचा विषय आहे वाईन. बाजूला आजी बसली असेल तर तिला आधीच सांगून टाका, की हा भाग पिण्याबद्दल कमी आणि शेतीबद्दल जास्त आहे.

(नेहमीप्रमाणे, ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हे पूर्ण बोलणं इथे उतरवून दिलंय. बोलीचे शब्द तसेच ठेवलेत.)

तर झालंय काय, की तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारलाय. फोनवर फ्रान्स-इटलीतल्या छोट्या वाईनरीचे रील दिसतात. आठ-दहा एकरांचा मळा, दोन-चार गायी, शिंगात भरून जमिनीत पुरलेलं शेण. द्राक्षं हाताने तोडली, पायाने तुडवली, मातीच्या रांजणात भरली, झाली वाईन! खाली लिहिलेलं असतं 'बायोडायनॅमिक', 'नॅचरल', 'काहीही न घातलेली'. आणि बाटलीची किंमत बघून आपले डोळे पांढरे होतात. मग प्रश्न येतो, की राजेहो, शेण आपल्याकडे, ऊन आपल्याकडे, गायी आपल्याकडे, मग बुलढाण्यात हे काहून होत नाही?

प्रश्न बरोबर आहे आणि त्याची टिंगल करायचं काही कारण नाही. २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केलं होतं, त्यात आपला बुलढाणा होता. सोयाबीन आणि कपाशीच्या भावावर ज्यांचं घर चालतं, त्यांच्या पोरांनी 'दुसरं काही करता येईल का' असं विचारलंच पाहिजे. पण याचं उत्तर दीड मिनिटाच्या रीलमध्ये मावत नाही. म्हणून आज आपण एक द्राक्षाचा घड धरू आणि त्याच्यासोबत मळ्यातून बाटलीपर्यंत जाऊ. प्रत्येक टप्प्यावर एवढंच विचारू, की इथे जे घातलं नाही, त्याच्या जागी काय करावं लागलं?

आधी दोन शब्द वेगळे करू

बायोडायनॅमिक आणि नॅचरल हे दोन शब्द रीलमध्ये एकत्र येतात, पण दोन्ही वेगळे आहेत. बायोडायनॅमिक ही शेतीची पद्धत आहे, म्हणजे ती मळ्यात चालते. नॅचरल वाईन ही वाईन बनवण्याची पद्धत आहे, म्हणजे ती टाकीपाशी चालते. बायोडायनॅमिक द्राक्षांची वाईन नेहमीच्या पद्धतीनेही बनवता येते. पण चांगली नॅचरल वाईन बनवायची, तर द्राक्ष मात्र फार स्वच्छ आणि निरोगी लागतं. याचं कारण पुढे सांगतो.

बायोडायनॅमिकची सुरुवात १९२४ ची. रुडॉल्फ स्टायनर नावाच्या विचारवंताने कोबरविट्झ या गावी शेतकऱ्यांपुढे आठ व्याख्यानं दिली. हे गाव तेव्हा जर्मनीत होतं, आज पोलंडमध्ये आहे. स्टायनर स्वतः शेतकरी नव्हता. त्याचं म्हणणं असं, की शेत हा एक जिवंत देह आहे. त्याला लागणारं खत, बियाणं, चारा शक्यतो त्याच शेतातून यावं. इथपर्यंत आपल्या आजोबांनाही पटलं असतं. पुढे येतात त्या 'बनावटी', म्हणजे खास तयार केलेली द्रव्यं.

सगळ्यात प्रसिद्ध बनावट म्हणजे शिंगखत. गायीच्या शिंगात ताजं शेण भरायचं, थंडीच्या आधी जमिनीत पुरायचं आणि थंडी संपली की काढायचं. आतलं शेण काळं, भुसभुशीत झालेलं असतं, त्याला मातीचा वास येतो. मग एकरी साधारण २५-३० ग्रॅम खत १३ ते १५ लिटर पाण्यात घालून तासभर ढवळायचं. एका दिशेने ढवळून भोवरा करायचा, तो मोडून उलट्या दिशेने ढवळायचं, असं पूर्ण तासभर. आणि संध्याकाळी जमिनीवर शिंपडायचं. शिवाय चंद्राच्या स्थितीप्रमाणे पेरणी, छाटणी, तोडणी यांचं कॅलेंडर असतं.

भारतात हे नवीन नाही. पीटर प्रॉक्टर नावाचे न्यूझीलंडचे गृहस्थ १९९३ पासून इथे येऊन शेतकऱ्यांना शिंगखत आणि शेणाचं कंपोस्ट शिकवत होते. त्यांच्यावर 'वन मॅन, वन काऊ, वन प्लॅनेट' नावाचा माहितीपटही निघाला. आणि आपल्याला तर याच्याशी मिळतंजुळतं काहीतरी घरचंच माहीत आहे. जीवामृत! शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याच्या सुभाष पाळेकरांनी ते देशभर नेलं. २०० लिटर पाणी, १० किलो शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि बांधावरची मूठभर माती. पाळेकरांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. दोन्ही पद्धतींमागचा विचार एकदम वेगळा आहे, त्यांची सरमिसळ करू नका. पण गायीपाशी आणि मातीतल्या जिवाणूंपाशी दोन्ही येऊन थांबतात.

आता तुमचा पुढचा प्रश्न मला ऐकू येतोय. याला शास्त्राचा आधार आहे का?

स्वित्झर्लंडमध्ये बाझलजवळ १९७८ पासून एक लांब पल्ल्याचा प्रयोग चालू आहे. एकाच शिवारात शेजारी-शेजारी बायोडायनॅमिक, सेंद्रिय आणि नेहमीची शेती. पहिल्या २१ वर्षांचे निकाल २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. बायोडायनॅमिक आणि सेंद्रिय प्लॉटमध्ये उत्पन्न सरासरी २० टक्के कमी आलं. पण खत आणि ऊर्जा ३४ ते ५३ टक्के कमी लागली, कीडनाशकं ९७ टक्के कमी लागली आणि मातीतलं जीवन वाढलं. ही पिकं गहू, बटाटा, चारा अशी होती, द्राक्ष नव्हतं. पण अंदाज येतो. माती सुधारण्याचं काम कंपोस्ट, फेरपालट आणि विष कमी वापरणं यामुळे होतं, हे समजायला सोपं आहे. एकरी २५ ग्रॅम शिंगखत आणि चंद्राचं कॅलेंडर यांचा वेगळा परिणाम दाखवणं फार कठीण आहे.

मग फ्रान्समधले नावाजलेले मळे हे का करतात? लवार खोऱ्यातले निकोला जोली १९८० च्या दशकापासून करतायत. बर्गंडीतल्या जगातल्या अतिमहाग वाईन बनवणाऱ्या मळ्यांनीही ही वाट धरली. माझं साधं मत सांगतो. ज्याला कॅलेंडरप्रमाणे ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या ओळीत जायचंय, तास-तास उभं राहून ढवळायचंय, तो माणूस मळ्यात रोज असतो. त्याला पानावरचा पहिला डाग दिसतो. शिंगावर विश्वास ठेवा की नका ठेवू, मालक रोज मळ्यात असण्याचा फायदा मात्र खरा आहे.

घाटावर की घाटाखाली?

आता फ्रान्स सोडून आपल्या जिल्ह्यात या. द्राक्ष म्हटलं की नाशिक, सांगली, सोलापूर आठवतं. पण आपल्या सिंदखेडराजाला लागूनच जालना तालुका आहे आणि तिथलं कडवंची हे गाव पाणलोटाच्या कामामुळे आणि शेततळ्यांमुळे द्राक्षाचं गाव म्हणून ओळखलं जातं. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राचं त्यात मोठं काम आहे. तिथलं द्राक्ष मुख्यतः खायचं. वाईनचं द्राक्ष वेगळं असतं, त्याकडे येतोच. पण कोरडवाहू पट्ट्यात वेल तग धरते, हे आपल्या शेजाऱ्यांनी दाखवून दिलंय.

मात्र सगळा बुलढाणा एक नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. घाटावर आणि घाटाखाली, दोन वेगळी जगं. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. शेगाव, नांदुरा, संग्रामपूर, जळगाव जामोदच्या बऱ्याच गावांत विहिरीचं पाणीच खारं. जमीन खोल काळी, पाणी धरून ठेवणारी. वेलीला दोन्ही गोष्टी आवडत नाहीत. तिला पाय ओले राहिलेले चालत नाहीत आणि मीठ तर मुळीच नको. 'डॉगरिज'सारखा मूळ अमेरिकन खुंट वापरून महाराष्ट्रातले बागायतदार खारट पाणी आणि कमी पाणी थोडंफार निभावून नेतात. पण खुंट म्हणजे जादू नाही. त्यामानाने घाटावर देऊळगाव राजा, सिंदखेडराजा, लोणार, मेहकर भागातली हलकी, मुरमाड, उताराची जमीन वेलीला जास्त मानवेल. तरी माती आणि पाणी दोन्ही तपासल्याशिवाय एक खड्डासुद्धा घेऊ नका.

आता हवामान. युरोपात हिवाळ्यात वेल झोपते, पानं गळतात. आपल्याकडे वेल झोपतच नाही. म्हणून आपण वर्षात दोनदा छाटतो. एप्रिलच्या आसपास खरड छाटणी, त्यातून काडी तयार होते. ऑक्टोबरच्या आसपास फळछाटणी, त्यातून घड येतो. तोडणी साधारण जानेवारी ते मार्च. म्हणजे आपली वेल पूर्ण पावसाळा हिरवी पानं घेऊन उभी असते. आणि फळछाटणीनंतर कोवळी फूट निघाली की नेमका परतीचा पाऊस किंवा दिवाळीतलं ढगाळ वातावरण येतं. मग काय? डाऊनी, ज्याला आपण केवडा म्हणतो. थंडीत भुरी. पावसाळ्यात करपा. आणि घड तयार होत आले की गारपीट. फेब्रुवारी-मार्च २०१४ आठवत असेल, तर जास्त बोलायची गरज नाही.

इथे एक गंमत सांगतो. आपल्याकडचा द्राक्षवाला रोज 'बोर्डो' मारतो. मोरचूद आणि चुना. हे बोर्डो म्हणजे फ्रान्समधलं वाईनचं शहर! १८८० च्या दशकात तिथे अमेरिकेतून आलेल्या डाऊनीने मळे उद्ध्वस्त केले होते. रस्त्याकडेच्या वेलींवर शेतकरी मोरचूद-चुन्याचं पाणी शिंपडायचे, कारण ते निळसर डाग बघून येणारे-जाणारे द्राक्षं चोरत नसत. मियार्दे नावाच्या प्राध्यापकाच्या लक्षात आलं, की फक्त त्याच वेलींची पानं शाबूत आहेत. चोरांसाठी केलेला उपाय रोगावर चालला.

हे का सांगितलं? कारण 'फवारणी नाही' हा रीलमधला पहिला गैरसमज आहे. बायोडायनॅमिक मळ्यातही तांबं आणि गंधक फवारतात. त्याला परवानगी आहे, फक्त मर्यादा आहे. तांबं जमिनीतून जात नाही, साठत राहतं आणि गांडुळांना त्रास देतं. म्हणून युरोपीय संघाने ७ वर्षांत हेक्टरी २८ किलोची मर्यादा घातली आहे. ज्यांच्याकडे उन्हाळा कोरडा आहे त्यांना हे जमतं. ज्यांची वेल पावसात हिरवी उभी आहे, त्यांना कमी तांब्यात भागवायचं तर मांडवात हवा खेळती ठेवावी लागते, दाट पानं हाताने काढावी लागतात, ओळीत रोज फिरावं लागतं. म्हणजे औषधाचा खर्च वाचला, तो मजुरीत गेला. हा हिशेब आधी करा.

नीरा कशी आंबते, तशीच वाईन

आता घड तोडला आणि वाईनरीत आणला. वाईन म्हणजे मुळात काय? द्राक्षाच्या रसातली साखर यीस्ट खातं, त्याचं अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड होतो. बस्स.

आपल्याकडे पहाटेची नीरा गोड असते आणि दुपारपर्यंत तिची ताडी होते. कुणी त्यात काही टाकलं का? नाही. हवेतलं, झाडावरचं, मडक्यातलं यीस्ट कामाला लागलं. इडलीचं पीठ रात्रभरात फुगतं तेही असंच. उलट दही लावताना आपण विरजण घालतो, म्हणजे आपल्याला हवे तेच जिवाणू मुद्दाम सोडतो. नेहमीची वाईन दह्यासारखी असते. पाकिटातलं निवडक यीस्ट घालतात, त्यामुळे काय होणार ते माहीत असतं. नॅचरल वाईन नीरेसारखी. मळ्यातून आणि वाईनरीतून जे यीस्ट येईल, त्याच्यावर भरवसा.

यात धोका काय? सुरुवातीला बरेच प्रकारचे यीस्ट एकदम धावतात. थोडं अल्कोहोल तयार झालं की त्यातले बहुतेक मरतात आणि चिवट जात पुढे काम पूर्ण करते. पण कधी ती चिवट जात उशिरा येते, कधी आंबवणं मधेच थांबतं, साखर उरते आणि नको ते जिवाणू शिरतात. मग टाकीला व्हिनेगरचा किंवा नेलपॉलिशचा वास यायला लागतो. ५०० लिटरची टाकी म्हणजे साडेसहाशेच्या वर बाटल्या. एक टाकी गेली की लहान वाईनरीचं वर्ष गेलं.

म्हणून नेहमीच्या वाईनमध्ये सल्फाइट घालतात. लोणच्या-सरबतातही हे वापरतात. ते जिवाणू रोखतं आणि रंग काळवंडू देत नाही. युरोपात कोरड्या लाल वाईनला लिटरमागे १५० मिलिग्रॅम आणि पांढरीला २०० मिलिग्रॅमपर्यंत चालतं. फ्रान्समध्ये २०२० मध्ये नॅचरल वाईनची एक सनद ठरली. हाताने तोडलेली सेंद्रिय द्राक्षं, स्वतःचं यीस्ट, बाहेरचं काही नाही आणि सल्फाइट फार तर ३० मिलिग्रॅम, तेही लेबलवर सांगून. आणि 'शून्य सल्फाइट' हे अक्षरशः खरं नसतं, कारण यीस्ट स्वतःच थोडं सल्फाइट तयार करतं.

सल्फाइटमुळे डोकं दुखतं, असं बरेच जण म्हणतात. दम्याच्या काही रुग्णांना सल्फाइटचा त्रास होतो, हे खरं आहे. त्यांनी जपावं. पण गंधकाची धुरी दिलेल्या पिवळ्याधमक बेदाण्यात वाईनपेक्षा कितीतरी जास्त सल्फाइट असू शकतं आणि बेदाणे खाऊन कुणी डोकं धरून बसत नाही. 'नॅचरल आहे म्हणून कितीही प्या' हा युक्तिवाद तर अजिबात ऐकू नका. अल्कोहोल तेवढंच असतं आणि शरीराला त्रास मुख्यतः त्याचाच होतो.

आता मघाशी राहिलेलं कारण. सल्फाइट नाही, तर त्याचं काम कोण करणार? द्राक्षातला आंबटपणा आणि माणसाची स्वच्छता. एखाद्या घडात चार मणी कुजलेले असतील, तर ते टाकीत जाऊन सगळं बिघडवू शकतात. म्हणून टेबलावर पसरून एकेक घड निवडायचा. आणि आंबटपणाचं गणित आपल्याकडे अवघड आहे. ऊन जास्त, तर साखर पटकन वाढते आणि आम्ल पटकन उतरतं. आम्ल कमी म्हणजे जिवाणूंना मोकळं रान. त्यामुळे तोडणी पहाटेच, गार असताना. जात अशी निवडायची जी उन्हातही आंबटपणा टिकवते. महाराष्ट्रात शेनां ब्लां ही पांढऱ्या वाईनची जात यासाठीच इतकी चालली. आणि वाईन तयार झाल्यावर मार्च-एप्रिल-मे! घाटाखाली पारा चाळिशी ओलांडून जातो. न गाळलेली, सल्फाइट नसलेली वाईन अशा उन्हात टेम्पोतून गेली, तर गिऱ्हाइकापर्यंत काय पोहोचेल? म्हणजे थंड खोली, विजेची हमी, थंड गाडी. हे रीलमध्ये दिसत नाही.

एक सुरक्षेची गोष्ट. आंबताना निघणारा कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो, तो खाली साठतो. जुनी माणसं पडीक विहिरीत उतरण्याआधी कंदील सोडून बघायची, तोच धोका बंद खोलीतल्या टाकीपाशी असतो. हवा खेळती नसेल तर माणूस मरतो.

नॅचरल वाईनचा पितामह मानतात तो ज्यूल शोवे हा बोजोले भागातला माणूस. तो वाईनचा व्यापारी होता आणि रसायनशास्त्रज्ञ होता. सूक्ष्मदर्शकाखाली यीस्ट तासन्‌तास बघणारा. त्याने सल्फर सोडलं, कारण त्याला टाकीत काय चाललंय ते दिसत होतं. ज्याला दिसत नाही त्याने सोडलं, तर तो जुगार होतो.

पैसा, करार आणि तोडलेल्या बागा

हिशेबाला बसू. एका बाटलीला साधारण सव्वा किलो द्राक्षं धरा. समजा एका एकरात ४ टन माल निघाला, तर ३,२०० बाटल्या. उत्पन्न २० टक्के घटलं तर २,५६०. यातून बाटली, बूच, लेबल, परवाना, कर, थंड साठवण आणि मजुरी वजा करा. शिवाय वर्ष-दीड वर्ष पैसा टाकीत अडकलेला. सेंद्रिय प्रमाणपत्र हवं असेल, तर बहुवर्षीय पिकाला राष्ट्रीय नियमांप्रमाणे ३ वर्षांचा रूपांतराचा काळ लागतो. तोपर्यंत खर्च सेंद्रियचा आणि भाव साधा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. खायचं द्राक्ष व्यापाऱ्याने नाकारलं, तर दुसऱ्याला देता येतं, बेदाणा करता येतो. वाईनचं द्राक्ष बारीक, बियांचं, जाड सालीचं. बाजारात त्याला कुणी विचारत नाही. गिऱ्हाईक एकच, वाईनरी. २००१ मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, करात सवलती दिल्या, विंचूर आणि पलूसला वाईन पार्क ठरले. खूप शेतकऱ्यांनी वाईनची द्राक्षं लावली. २००८ नंतर मंदी आली, मागणी पडली, वाईनऱ्यांकडे माल पडून राहिला. कित्येक शेतकऱ्यांनी उभ्या बागा तोडल्या. त्या बागांना रोग लागलेला नव्हता. त्यांना गिऱ्हाईक नव्हतं.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी गिऱ्हाईक, मग परवाना, मग वेल. रीलमध्ये नेमका उलटा क्रम असतो.

आणि घरच्या घरी रांजणात प्रयोग करून मित्रांना विकण्याचा विचार असेल, तर थांबा. १९४९ चा दारूबंदी कायदा आजही लागू आहे. परवान्याशिवाय मद्य बनवणं किंवा विकणं गुन्हा आहे, ते नॅचरल असलं तरी.

आडवी बाटली

एक गोष्ट टाळून हा भाग संपवता येणार नाही. विदर्भात वर्धा आणि गडचिरोली हे दारूबंदीचे जिल्हे आहेत. महाराष्ट्रातल्या कित्येक गावांत बायांनी मतदान घेऊन दारूचं दुकान बंद पाडलंय. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली. ठरलेल्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडली की दुकानाला कुलूप. त्या बायांनी हे हौसेने केलेलं नाही. घरातला पगार, अंगावरचे वळ आणि पोरांची शाळा बघून केलंय.

जानेवारी २०२२ मध्ये राज्य सरकारने सुपरमार्केटमध्ये वाईन विकायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला. सरकारने शेतकऱ्याच्या फायद्याचं कारण दिलं. विरोध इतका झाला, की ते अमलात आलं नाही. तेव्हा शहरातले बरेच जण म्हणाले, वाईन म्हणजे दारू नव्हे. मला हे पटत नाही. वाईनमध्ये १२ ते १४ टक्के अल्कोहोल असतं. ती शेतमालापासून बनते, हेही खरं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

तुम्ही उद्या गावात वाईनरी काढायची म्हणालात, तर पहिला प्रश्न बँक विचारणार नाही. तुमची काकू विचारेल. तिला 'काकू, हे नॅचरल आहे' असं उत्तर देऊ नका. विक्री गावात होणार की बाहेर, कामाला बायांना मजुरी किती, मजुरीत बाटली द्यायची पद्धत कधीच येणार नाही याची हमी काय, हे तिला सांगता आलं पाहिजे. माझ्या मते तिला पटवता आलं नाही, तर गावात वाईनरी उभी करू नये.

तर मग करायचं काय?

ज्यांना खरंच उत्सुकता आहे, त्यांच्यासाठी चार कामं. कशालाही कर्ज लागत नाही.

एक, माती आणि पाणी तपासून घ्या. बुलढाणा आणि जळगाव जामोद इथे कृषी विज्ञान केंद्रं आहेत. अहवालात क्षार किती ते बघा. घाटाखालच्यांनी तर नक्कीच.

दोन, एक हंगाम दुसऱ्याच्या बागेत घालवा. कडवंची जवळ आहे, नाशिक लांब नाही. फळछाटणीपासून तोडणीपर्यंत. डाऊनीचा पहिला डाग स्वतःच्या डोळ्यांनी ओळखता येईपर्यंत. पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, त्यांचे सल्ले वाचत राहा.

तीन, शिंगखत किंवा जीवामृत, जे पटेल ते, आधी आपल्याच तुरीच्या किंवा संत्र्याच्या चार ओळींत करून बघा. शेजारच्या चार ओळी नेहमीसारख्या ठेवा. दोन्हीकडचा खर्च, मजुरी आणि माल वहीत लिहा. दोन वर्षांनी तुमच्याकडे स्वतःची आकडेवारी असेल आणि कुणाच्याही भाषणाची गरज उरणार नाही. माझ्याही.

चार, 'नॅचरल' लिहिलेली बाटली कुठे दिसली, तर लेबल वाचा. द्राक्ष कुठल्या मळ्यातलं? प्रमाणपत्र कुणाचं? सेंद्रिय असेल तर 'जैविक भारत'चं चिन्ह आहे का? सल्फाइट किती? बनवणाऱ्याला विचारा, यंदा किती टाक्या बिघडल्या? जो खरंच कमी घालून वाईन बनवतो, तो याचं उत्तर सविस्तर देईल, कारण त्याची झोप त्याच टाक्यांनी उडवलेली असते.

हे सगळं करून दोन वर्षांनी एखाद्याने ठरवलं, की नको, आपण संत्राच नीट करू, तर तोही चांगला निर्णय असेल. आणि एखाद्याने अर्धा एकर लावलाच, तर त्याला माहीत असेल, की पहाटे चारला उठून मळ्यात कशासाठी जायचं.

आजच्यासाठी एवढंच. तुमच्या गावात जुनी द्राक्षबाग होती आणि ती तोडली गेली असेल, तर घरच्यांना विचारून घ्या, की का तोडली. ते व्हॉइस नोटने पाठवा. नाव न घेता पुढच्या भागात ऐकवतो. भाग आवडला असेल तर त्या मित्राला फॉरवर्ड करा, जो तुम्हाला रोज शेतीचे रील पाठवतो. भेटू पुढच्या आठवड्यात. राम राम!